दोघांची बेटावरची ट्रिप: आधी महिना, मग बेटाची बाजू, हॉटेल सगळ्यात शेवटी

बेटावर जायचं ठरलं की बहुतेक जोडपी आधी फोटो बघतात, मग त्या फोटोतलं रिसॉर्ट शोधतात, आणि सुट्टी मिळेल त्या तारखा टाकून बुकिंग करून टाकतात. माझं म्हणणं आहे हा क्रम पूर्ण उलटा करा. आधी सुट्टी कुठल्या महिन्यात मिळतेय ते बघा, त्या महिन्यात कुठल्या समुद्राला चांगला सीझन आहे ते बघा, मग बेट, मग बेटाची नेमकी कुठली बाजू, आणि मग हॉटेल. उष्ण कटिबंधात थंडी-उन्हाळ्याचा फरक फार नसतोच, सगळा खेळ पावसाचा आणि वाऱ्याचा असतो, आणि हे दोन्ही बिघडले तर रूम कितीही भारी असली तरी पाण्यात उतरता येत नाही.

ढोबळमानाने सांगते. मालदीवला डिसेंबर ते एप्रिल कोरडा सीझन, मे ते ऑक्टोबर नैऋत्य मान्सून. बालीचं जवळपास उलटं, एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं आणि नोव्हेंबर ते मार्च पाऊस. म्हणजे या दोनमध्ये अडला असाल तर जुलै-ऑगस्टच्या सुट्टीला बाली आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सुट्टीला मालदीव, विषय संपला. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हरिकेनचा, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांचा, सीझन असतो, त्यात ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जोर जास्त, पण तेव्हाच जायचं असेल तर अरुबा, कुरासाओ ही बेटं पार दक्षिणेला व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ आहेत, तिथपर्यंत हरिकेन क्वचितच पोचतं. मॉरिशसला चक्रीवादळांचा काळ नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत. सेशेल्सची मुख्य बेटं मात्र विषुववृत्ताच्या इतकी जवळ आहेत की तिथे चक्रीवादळं सहसा येत नाहीत, कारण वादळाला गरगर फिरायला पृथ्वीच्या फिरण्याचा जो जोर लागतो तो विषुववृत्तापाशी जवळजवळ नसतोच.

आता बाजू, आणि हा मुद्दा खरंच कुणी सांगत नाही. एकाच बेटावर एकाच दिवशी दोन वेगळे समुद्र असू शकतात. मॉरिशसला जून ते ऑगस्ट पूर्व किनाऱ्यावर वारा झोंबतो आणि पश्चिम किनारा त्या मानाने शांत असतो. हवाईच्या मोठ्या बेटावर हिलोच्या बाजूला धो धो पाऊस, आणि डोंगर ओलांडून कोनाच्या बाजूला आलात की कोरडं. थायलंडमध्ये तर फुकेत आणि को सामुई एकाच देशात असून सीझन वेगळे, फुकेतला पाऊस मे ते ऑक्टोबर आणि सामुईला सगळ्यात जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणून बुकिंगच्या आधी नकाशा उघडा आणि तुमच्या महिन्यात वारा कुठल्या दिशेने येतो ते बघा, वारा अडवणारा डोंगर मध्ये असेल तर मागची बाजू घ्या.

भरती-ओहोटीसुद्धा बघा प्लीज. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की पोहायचं म्हटलं तर आधी बराच वेळ चालायला लागतं, तेच उत्तरेला नुंगवी, केंडवाला भरती असो ओहोटी असो पोहता येतं. ज्याला लांबवर चालायला आवडतं त्याला पूर्व किनारा स्वर्ग वाटेल, ज्याला उठल्या उठल्या डुबकी मारायचीय त्याची चिडचिड होईल. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा हा फरक अजून वाढतो. तारखा टाकताना टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता, बघायला दोन मिनिटं लागतात.

इथे दोघांचा प्रश्न येतो. बेट ठरवायच्या आधी दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांचं न बघता, आपल्याला या सुट्टीत काय काय हवंय ते लिहा आणि काय अजिबात नकोय तेही लिहा. मग कागद बदला. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण प्रेमात माणूस समोरच्याला आवडेल ते बोलतो, आणि मग चौथ्या दिवशी कळतं की एकाला झोपायचं होतं आणि दुसऱ्याला रोज स्कूबा डायव्हिंग. दोन्ही इच्छा बरोबर आहेत, फक्त त्या आधी कळायला हव्यात, म्हणजे ज्या बेटावर किनाऱ्यापासूनच स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्याखालचं बघत पोहणं) होतं असं बेट निवडता येतं, एक पाण्यात, एक सावलीत पुस्तक घेऊन, आणि दोघं एकमेकांना दिसतात. दिवसातले काही तास वेगळे घालवले म्हणून काही बिघडत नाही, उलट संध्याकाळी बोलायला काहीतरी असतं. खर्चाचंही तेव्हाच बोला, कुठे हात सैल सोडायचा आणि कुठे नाही ते.

आठवड्यापेक्षा कमी दिवस असतील तर एकच बेट करा. दोन बेटं म्हणजे बॅगा भरणं, जेटी, वाट बघणं, अख्खा दिवस त्यातच जातो. पाण्यावरच्या व्हिलाचं मन असेल तर आधीच्या सगळ्या रात्री साध्या बीच रूममध्ये आणि शेवटच्या दोन रात्री तिथे, असं केलं तर खर्च आटोक्यात राहतो आणि शेवट छान होतो.

ट्रान्सफर नीट समजून घ्या. मालदीवमध्ये सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, त्यामुळे तुमची फ्लाइट संध्याकाळी उतरत असेल तर ती रात्र विमानतळाजवळच काढायला लागते, किंवा स्पीडबोटने पोचता येईल असं रिसॉर्ट घ्या. सामानाच्या वजनाची मर्यादाही सीप्लेनला कमी असते. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी व्हॅलिड असू दे, बरेच देश हे बघतात. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, बऱ्याच इन्शुरन्समध्ये योग्य लायसन्स नसेल तर अपघाताचा क्लेम नाकारतात.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइडवालं घ्या, ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन प्रवाळाला त्रास देतात म्हणून हवाईत २०२१ पासून त्यांची विक्री बंद आहे आणि पॅसिफिकमधल्या पलाऊ देशाने तर २०२० लाच अशा सनस्क्रीनवर बंदी घातली. स्नॉर्केलिंगला फुल बाह्यांचा रॅशगार्ड (पोहताना घालायचा घट्ट टी-शर्ट) घाला, पाठ भाजते ते पाण्यात कळत नाही. डेंग्यूचे डास दिवसा चावतात त्यामुळे मच्छरांचं क्रीम सकाळीही लावा. पाण्यात रिप करंटने, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्राकडे जाणाऱ्या जोरदार प्रवाहाने, आत ओढलं तर किनाऱ्याकडे झगडत बसू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा आणि मग परत या, हे जाण्याआधी दोघांनाही पाठ असू दे.

आणि डायव्हिंग करणार असाल तर ते सुट्टीच्या सुरुवातीला उरका. एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या असतील तर विमानात बसायच्या आधी निदान १८ तासांची गॅप लागते, त्यात सीप्लेनही आलं, म्हणून शेवटचा पूर्ण दिवस फक्त पोहायला आणि लोळायला ठेवा.