लहान पेट्रोल इंजिनात सुधारणा करण्याची पद्धत

पाण्याचा पंप, जनरेटर किंवा गवत कापण्याचे यंत्र चालवणारे एक सिलिंडरचे, हवेने थंड होणारे पेट्रोल इंजिन कमी खर्चात आणि मोठ्या संख्येने तयार व्हावे, या हिशेबानेच आखलेले असते. कारखान्यात प्रत्येक भागाला थोडी सैल मुभा दिलेली असते आणि वापरात ती आणखी वाढते. सुधारणेला वाव आहे तो याच जागी. इंजिनाचे फेरे वाढवून जास्त शक्ती काढण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु माझ्या मते लहान इंजिनाच्या बाबतीत तो मार्ग सर्वांत कमी फायद्याचा आणि सर्वांत धोक्याचा आहे. गळती, उष्णता आणि संथ ज्वलन यांत वाया जाणारी शक्ती परत मिळवणे हे खरे काम होय. पुढील विवेचन ओव्हरहेड व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या वर, हेडमध्ये बसवलेले व्हॉल्व्ह) असलेल्या फोर-स्ट्रोक इंजिनाला धरून आहे. टू-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्ट पाइपची लांबी आणि आकार यांवरच बरेचसे अवलंबून असल्याने त्याचे गणित निराळे पडते.

कोणताही भाग उघडण्यापूर्वी इंजिन आज किती शक्ती देते आणि त्यासाठी किती इंधन घेते, हे मोजून ठेवावे. शाफ्टवर साधा घर्षण-ब्रेक बसवून त्याची भुजा वजनकाट्यावर टेकवली, की टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, मिळतो. समजा, भुजा 0.3 मीटरची आहे आणि मिनिटाला 3000 फेऱ्यांवर काटा 3.5 किलो दाखवतो. तर टॉर्क सुमारे 10.3 न्यूटन-मीटर आणि शक्ती सुमारे 3.2 किलोवॉट होते. इंधनासाठी टाकीऐवजी खुणा असलेली नळी जोडून 100 मिलिलिटर पेट्रोल किती वेळात संपते ते पाहावे. दोन किलोवॉटच्या स्थिर भारावर ते पाच मिनिटांत संपले, तर खप किलोवॉट-तासाला सुमारे 440 ग्रॅम, म्हणजे कार्यक्षमता जेमतेम 18 टक्के येते. हा आकडा निराशाजनक वाटला, तरी लहान इंजिनासाठी असामान्य नाही. हवेचे तापमान 10 अंशांनी वाढले, तर तिची घनता तीन टक्क्यांहून अधिक घटते. म्हणून आधीचे आणि नंतरचे मोजमाप सारख्याच हवामानात घ्यावे, अन्यथा झालेली सुधारणा दिसणार नाही किंवा न झालेली सुधारणा दिसेल.

यानंतर गळती शोधावी. या इंजिनांपैकी अनेकांच्या कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) सुरू करताना एक व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी डिकॉम्प्रेशनची सोय असते, त्यामुळे दोरी ओढून घेतलेले कॉम्प्रेशनचे वाचन फसवे ठरते. त्याऐवजी पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी वरच्या टोकाला आणून, क्रँकशाफ्ट पक्का अडकवून, प्लगच्या भोकातून नियंत्रित दाबाची हवा सोडावी आणि ती कुठून निसटते ते ऐकावे. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि क्रँककेसच्या ब्रीदरमधून (हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आली तर पिस्टनची रिंग वा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, यांत दोष आहे, असे समजावे.

व्हॉल्व्हच्या कामाला घाई करू नये. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतांश उष्णता बंद असताना सीटमधूनच (व्हॉल्व्ह ज्या कडेवर टेकतो तिच्यातून) हेडमध्ये उतरते. सीटवर काजळीचा एक कण अडकला, तरी तिथून ज्वाला निसटू लागते आणि कड जळत जाते. सीट 45 अंशांत कापून, तिच्या वर-खाली 30 आणि 60 अंशांचे कोन दिल्यास टेकणारी पट्टी एक ते दीड मिलिमीटर रुंदीची ठेवता येते आणि वायूला वळणेही सोपे जाते. गाईड, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी, झिजलेले असेल तर आधी ते बदलावे, कारण डुलणाऱ्या व्हॉल्व्हखालची सीट कितीही नेटकी कापली तरी ती टिकत नाही. शेवटी बारीक लॅपिंग पेस्टने हलके घासून, पेस्टचा अंशही न ठेवता धुवावे आणि पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या वायुमार्गात) रॉकेल ओतून ते झिरपत नाही ना, हे पाहावे. टॅपेटमधील फट (बंद व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली) निर्मात्याने दिलेल्या मापाप्रमाणे, थंड इंजिनावर, फिलर गेजने लावावी.

बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजावा. सर्वाधिक झीज जिथे वरची रिंग थांबून परत फिरते तिथे सापडते. झीज मर्यादेत असेल, तर होन करून, म्हणजे घासणीच्या दगडांनी घासून, आडव्या-तिरक्या रेघांची जाळी उमटवावी आणि नव्या रिंग बसवाव्यात. रिंगच्या टोकांतील फट बोअरच्या दर 100 मिलिमीटरला सुमारे 0.4 मिलिमीटर या हिशेबाने तपासावी. होन केल्यावर बोअर गरम पाणी आणि साबण लावून ब्रशने धुणे आवश्यक आहे. केवळ रॉकेलने पुसल्यास रेघांत बसलेली घासणीची पूड तिथेच राहते आणि नव्या रिंग काही तासांत झिजवते.

इथवर झालेले काम दुरुस्तीचे आहे. खरी सुधारणा ज्वलनकक्षापासून सुरू होते. आदर्श ऑटो चक्रात (पेट्रोल इंजिनाच्या सैद्धांतिक चक्रात) कार्यक्षमता फक्त कॉम्प्रेशन रेशोवर, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते त्यावर, अवलंबून असते. परंतु लहान इंजिनात तो रेशो कोणत्या मार्गाने वाढवला, यालाही तेवढेच महत्त्व आहे. पिस्टन वर आल्यावर त्याचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग यांच्यामध्ये जी अरुंद जागा उरते, तिच्यातून दाबले गेलेले मिश्रण प्लगकडे जोराने फेकले जाते आणि त्या खळबळीमुळे ज्वाला वेगाने पसरते. इंग्लंडमधील अभियंता हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) इंजिनांच्या हेडमध्ये याच तत्त्वाचा पद्धतशीर उपयोग केला. ही फट दीड मिलिमीटर किंवा अधिक असेल, तर खळबळ मंदावते आणि फटीतील मिश्रण नीट न जळताच बाहेर जाते.

ती मोजण्यासाठी सोल्डरच्या मऊ तारेचे तुकडे पिस्टनवर गजन-पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत दोन्ही बाजूंना ग्रीसने चिकटवावेत, जुन्या गॅस्केटसह हेड पूर्ण कसून इंजिन हाताने एक फेरा फिरवावे आणि चेपलेल्या तारेची जाडी पाहावी. 68 मिलिमीटर बोअर आणि 54 मिलिमीटर स्ट्रोक असलेले 196 घनसेंटीमीटरचे इंजिन उदाहरणादाखल घेऊ. रेशो 8.5 असेल, तर वर उरणारी जागा सुमारे 26.1 घनसेंटीमीटर असते. फट 1.6 वरून एक मिलिमीटरवर आणली, म्हणजे गॅस्केट तेवढी पातळ घेतली किंवा सिलिंडरचा माथा तेवढा उतरवला, की बोअरच्या क्षेत्रफळानुसार सुमारे 2.2 घनसेंटीमीटर जागा कमी होते आणि रेशो 9.2 होतो. आदर्श गणितानुसार कार्यक्षमतेत ही जेमतेम सव्वादोन टक्क्यांची सापेक्ष वाढ आहे. प्रत्यक्षात तिच्यात जलद ज्वलनाच्या लाभाची भर पडते. फट 0.8 मिलिमीटरच्या खाली नेऊ नये, कारण वेगात कनेक्टिंग रॉड ताणला जातो, पिस्टन किंचित डुलतो आणि काजळीचा थरही जागा व्यापतो. हेड खाली आल्यावर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातले अंतर मातकामाच्या मऊ मातीचा गोळा दाबून तपासावे. ते दीड मिलिमीटरहून कमी भरू नये. पुशरॉडची लांबीही आता अधिक वाटेल, त्यामुळे टॅपेटची फट पुन्हा लावावी लागेल.

पोर्ट मोठे करणे हा बहुतेकांचा आवडता उद्योग असतो आणि बहुधा निरर्थकही. लहान इंजिनाला हवेचा वेग हवा असतो. रुंद पोर्टमध्ये तो मंदावतो आणि पेट्रोलचे थेंब भिंतीवर बसतात. ओतकामातले खडे कंगोरे काढावेत, गॅस्केट आणि पोर्ट यांच्या कडा जुळवाव्यात, सीटच्या लगतचे आतले वळण गोलसर करावे आणि तिथेच थांबावे.

आता कार्बोरेटर. पेट्रोलचे पूर्ण ज्वलन वजनी 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल या प्रमाणात होते, सर्वाधिक शक्ती 12.5 ते 13 च्या आसपास मिळते आणि किफायत 14.7 पेक्षा पातळ, म्हणजे कमी पेट्रोलच्या, मिश्रणात असते. जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीतून) जाणारे पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळानुसार बदलते, म्हणून व्यासात पाच टक्के वाढ म्हणजे प्रवाहात सुमारे दहा टक्के वाढ, हे लक्षात ठेवून एकेक पायरीने जेट बदलावे आणि दर वेळी पूर्ण भारावर मोजावे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात मिश्रण फार पातळ करण्याचा हट्ट धरू नये. वाचवलेल्या पेट्रोलची किंमत जळालेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हने मोजावी लागते.

बहुतेक इंजिनांत ठिणगीची वेळ फ्लायव्हीलच्या चावीने कायमची ठरलेली असते. ज्वलन जलद झाल्यावर तीच वेळ किंचित लवकर ठरू शकते. भाराखाली टकटक ऐकू आली, तर एक-दोन अंश मागे घ्यावे. सरकवलेली चावी वापरून वेळ पुढे नेण्याची गरज या इंजिनात क्वचितच पडते.

गव्हर्नरला, म्हणजे वेग मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेला, हात लावू नये. जड भागांवरील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे मिनिटाला 3600 फेऱ्यांवरून 5000 वर गेल्यास तो जवळजवळ दुप्पट होतो. अनेक लहान इंजिनांत ओतीव ॲल्युमिनियमचा रॉड बेअरिंगच्या वाटीशिवाय थेट क्रँकवर फिरतो आणि फ्लायव्हील केवळ ठरलेल्या वेगापुरतेच भक्कम असते. फुटलेल्या फ्लायव्हीलचे तुकडे पत्र्याचे आवरण भेदून बाहेर येतात, इतके सांगणे पुरेसे आहे.

रेशो वाढला की हेडवरील उष्णताही वाढते, म्हणून फिन्समधील (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पात्यांमधील) धूळ आणि तेलकट गाळ खरवडून काढावा. पंख्याभोवतीचे पत्र्याचे आवरण अडचण म्हणून काढून टाकण्याची चूक करू नये, कारण हवा फिन्सपर्यंत नेण्याचे काम तेच करते.

नव्या रिंग बसल्यानंतर इंजिन दीर्घकाळ रिकामे चालवत ठेवू नये. वायूचा दाब मिळाल्यावरच रिंग बोअरच्या भिंतीशी जुळतात, त्यामुळे गरम झाल्यावर लगेच मध्यम भार द्यावा, तो थोड्या थोड्या वेळाने कमी-अधिक करावा आणि पहिल्या काही तासांनंतर तेल बदलून त्यात धातूचे कण किती उतरले आहेत, ते पाहावे. त्यानंतर सुरुवातीच्याच ब्रेकवर, त्याच फेऱ्यांवर पुन्हा मोजमाप घ्यावे आणि पुढील बदल त्या आकड्यांच्या आधारे, एका वेळी एकच, करावा.