गल्ल्यावरच्या या चुका टाळा

सणासुदीला नाशिकच्या रविवार कारंजा, मेन रोड भागातल्या दुकानांत नवी पोरं काउंटरवर उभी राहतात. माल ओळखतात, बिलही भराभर करतात, आणि सुट्टे परत देताना घोळ घालतात. घोळाचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: गिऱ्हाइकाची नोट हातात आली रे आली की गल्ल्यात टाकायची.

बिल ३६७ चं, नोट पाचशेची. नोट आत गेली, निम्मे सुट्टे मोजून झाले, तेवढ्यात ताई म्हणतात, "थांबा भाऊ, वरचे सतरा देते." आता पोराच्या डोक्यात नवी वजाबाकी, हातात जुनी रक्कम, आणि दोन्ही मिळून भलतेच पैसे बाहेर जातात. माझा शिरस्ता असा की हातातले सगळे पैसे परत गल्ल्यात टाकायचे. पाचशेची नोट फळीवर, तिच्यावर सतरा, आणि मोजणी पहिल्यापासून. ५१७ मधून ३६७ गेले, राहिले दीडशे. मागे रांग ओरडत असली तरी ओरडू द्या. गिऱ्हाइकाने सुट्टे मोजून घेईपर्यंत नोट बाहेरच राहिली, तर "मी पाचशे दिले होते" हा वादही होत नाही.

आणि वजाबाकी करत बसू नका, चढत मोजा. ३६७ ला तीन, ३७०. तीस, चारशे. शंभर, पाचशे. हे मोठ्याने म्हणायचं. कॅल्क्युलेटर १३३ दाखवतो, पण तुम्ही हातात किती ठेवले ते त्याला दिसत नाही.

दुसरी चूक आकडे उलटे लिहिण्याची. एका दिवाळीत रात्री गल्ला वहीपेक्षा २७० रुपयांनी कमी भरला. नुकत्याच लागलेल्या पोराकडे सगळे बघायला लागले. खिसे तपासायची भाषा निघाली, तेव्हा मी आधी वही मागितली. २७० ला नवाने भागलं, तीस आले, बाकी शून्य. रक्कम लिहिताना शेजारचे दोन आकडे उलटले, तर फरकाला नवाने पूर्ण भाग जातोच. तीस आले म्हणजे शतक आणि दशकाच्या आकड्यांत तीनचा फरक. तेवढ्याच नोंदी तपासल्या. ३६५ च्या जागी ६३५ लिहिलेले सापडले, तेही जुन्या माणसाच्या अक्षरात. एखादं शून्य जास्त पडलं तरी नवाने भाग जातो, म्हणून ४५ चे ४५० झालेत का तेही बघा. माणसावर बोट ठेवण्याआधी एवढं करायलाच हवं.

वीस टक्के सूट आणि त्यावर आणखी दहा टक्के म्हणजे तीस टक्के नव्हे. हजाराचे आठशे, आठशेचे ७२०. सूट २८ टक्केच.

गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात ८० रुपये किलोची भाजी ३५० ग्रॅम घेतली की लोक मोबाईल काढतात. शंभर ग्रॅमचे आठ, साडेतीनपट अठ्ठावीस. पावकी, दिडकीचे पाढे पाठ असणाऱ्या भाजीवाल्या मावशींचा हिशेब तोवर होऊन गेलेला असतो.

दहा आणि वीसची नाणी गल्ल्यात एकाच कप्प्यात टाकू नका. वीसच्या नाण्याला बारा कडा आहेत, बोटाला कळतात.

ऑनलाइन पैसे आले की गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण बघून मान डोलवू नका, आपल्या खात्यात किती जमा झाले ते बघा.

आणि रक्कम सांगणारा एक, लिहिणारा दुसरा असेल तर आकडे सुटे सांगा. एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणारी पोरं दर हंगामात भेटतात. आमच्याकडे "पाच, नऊ" असंच सांगतात.