अर्जेंटिनात कार्डोन (तिथला उंच, खांबासारखा कॅक्टस) बघायला जायचंय? आधी पर्जन्यछाया शोधा

घाट उतरून सातारा सोडून माणदेशाकडे गेलं की हिरवं कसं आटत जातं ते बघितलंय ना, तेच गणित इथे लावायचं, फक्त दिशा उलटी. अर्जेंटिनाच्या वायव्येला साल्ता शहर आहे, तिथून रूट ३३ ने काचीकडे निघायचं, अंतर साधारण १५५ किमी, पण वळणं आणि फोटोत चार तास सहज जातात. कुएस्ता देल ओबिस्पो हा घाट चढताना सगळीकडे ढग आणि गवत दिसतं, कार्डोन नाहीतच असं वाटून अर्धे लोक वैतागतात. थांबा जरा. सुमारे ३४०० मीटरवर खिंड ओलांडली की ढग मागे अडकतात आणि पुढे कोरडं ऊन, तिथेच लोस कार्डोनेस नॅशनल पार्क आहे, १९९६ चं. रेक्ता तिन तिन हा सरळसोट रस्ता लागला की दोन्ही बाजूला दहा दहा मीटरचे कार्डोन.

आता गाडीतून बघून पुढे जाऊ नका. एक लक्षात ठेवा, दक्षिण गोलार्ध आहे, ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेला खडकाळ उतार आधी बघायचा, दाट गर्दी तिथेच सापडते. मी पहिल्या दिवशी नुसते मोठेच बघत फिरलो आणि मग म्हटलं, पोरं कुठायत यांची? ती हारिया नावाच्या झुडपाच्या सावलीत असतात हो, फांदी हळूच बाजूला केली (हाताला चिकट वास लागतो) तर खाली लिंबाएवढा काटेरी गोळा! झुडपाने ऊन आणि थंडी अडवली तरच तो जगतो, म्हणून झुडपांवर पाय देऊन चालायचं नाही. छोट्याचे काटे ताठ आणि राकट, मोठ्याचे वरचे पांढरट, लवचिक, केसांसारखे, एकाच झाडाचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

आपला त्रिधारी निवडुंग कॅक्टस नाहीच बरं का, तो युफोर्बिया, खरचटला की पांढरा चीक येतो. खऱ्या कॅक्टसला काटे लोकरीसारख्या छोट्या गादीतून फुटतात, भिंग घेऊन जा आणि बघाच.

जानेवारी-फेब्रुवारीत पावसाने रस्ते वाहून जातात, तेव्हा नको. मोठी पांढरी फुलं हवी असतील तर ऑक्टोबर ते डिसेंबर. पेट्रोल साल्तातच फुल करा, वर डोकं दुखतं म्हणून चढण हळू करा, पाणी भरपूर, आणि काटे काढायला चिमटा. बी किंवा तुकडा खिशात घालू नका, जवळजवळ सगळ्या कॅक्टसवर सायटीसचे (CITES, दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियम आहेत, विमानतळावर पकडलं तर सुट्टीची वाट लागेल.

काचीत पोचलात की चर्चमध्ये डोकवा, छत कार्डोनच्या लाकडाचं आहे, भोकाभोकांचं.