जुनी कॅम्पर घेताना आधी खालून पाहावी

लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बांधलेली फोर-व्हील ड्राइव्ह कॅम्पर विक्रीला निघते तेव्हा विकणारा आधी मागचे दार उघडतो. आतली लाकडी कपाटे, गादी आणि छोटासा ओटा पाहिला की घेणाऱ्याचे मन तिथेच रमते. वास्तविक हे आतले घर सुतार आणि इलेक्ट्रिशियन हाताशी धरून पुन्हा उभे करता येते. सडलेली चॅसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, मात्र मोठा खर्च करूनही पूर्वीसारखी होईलच असे नाही. म्हणून जुने कपडे घालून, टॉर्च आणि एक जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन जावे आणि आत शिरण्याआधी गाडीखाली शिरावे.

शिडीच्या आकाराच्या चॅसिसचे लांब दांडे बऱ्याच गाड्यांत आतून पोकळ असतात. त्यांत चिखल आणि मीठ साचून गंज आतून बाहेर येतो. तो बाहेर दिसू लागतो तोवर पत्रा कागदासारखा झालेला असतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दांड्यावर टप्प्याटप्प्याने ठोकत जावे. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. स्प्रिंगच्या पाट्यांचे आधार, मागची आडवी पट्टी आणि बॉडी जिथे बोल्टने बसवलेली असते त्या जागा विशेष पाहाव्यात. नुकताच दिलेला काळा थर दिसला तर आनंद मानू नये. मी एका गाडीखाली असाच काळाभोर, गुळगुळीत थर पाहिला होता. मागच्या पाट्याच्या आधारापाशी स्क्रूड्रायव्हर जरासा दाबला, तर थराचा पापुद्रा निघून बोट जाईल एवढे भोक उघडे पडले. २०१६पर्यंत बनलेल्या जुन्या लँड रोव्हर डिफेंडरचे बाहेरचे पत्रे बहुतांशी ॲल्युमिनियमचे आणि चॅसिस पोलादाची आहे, त्यामुळे वरच्या चकाकीवरून खालचा अंदाज मुळीच बांधता येत नाही.

युनिमॉगसारख्या ट्रकवर राहण्याची खोली बसवलेली असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. खडबडीत वाटेवर अशा ट्रकची चॅसिस मुद्दाम पिळली जाते, खोली मात्र पिळून चालत नाही. म्हणून दोहोंच्या मध्ये तीन किंवा चार बिंदूंवर हलणारी उपचौकट असते. ती नीट काम करते की नाही हे पाहण्याचा साधा उपाय असा, की एक चाक उंचवट्यावर चढवून गाडी उभी करावी आणि खोलीचे दार उघडून पाहावे. दार अडकले, किंवा खिडक्यांच्या कोपऱ्यांत केसासारख्या भेगा दिसल्या, तर खोली पीळ सोसते आहे असे समजावे.

गंजाखालोखाल फसगत होते ती वजनात. सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये. गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि पुढचा व मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून घ्यावा. समजा गाडीवरच्या पाटीत दिलेली एकूण वजनाची मर्यादा ३,५०० किलो आहे आणि रिकामी गाडी ३,१०० किलो भरली. १५० लिटर पाण्याचे १५० किलो, १०० लिटर डिझेलचे सुमारे ८४ किलो आणि दोन माणसांचे १४० किलो धरले की २६ किलो उरतात, आणि तेवढ्यात कपडे, भांडी, शिधा, जॅक व हत्यारे बसवायची असतात. माझ्या मते या हिशेबात न बसणारी गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी, कारण पाटे, ब्रेक आणि टायर हे जादा वजन रोज वाहणार असतात.

इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवावे असा आग्रह धरावा, आणि पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवून ते खरेच थंड आहे याची खात्री करावी. निळा धूर ऑइल जळत असल्याची खूण आहे. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही टिकला तर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, आत जात असण्याची शंका घ्यावी. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा, बदलल्याचे बिल मागावे. टोयोटाच्या ४.२ लिटरच्या १एचझेड इंजिनाला टर्बो नाही आणि ते साधे असल्याने दूरच्या प्रवाशांना आवडते, पण त्यालाही बेल्ट आहेच. नव्या डिझेल इंजिनांच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरला अत्यल्प गंधकाचे इंधन लागते आणि ते सगळ्या देशांत मिळत नाही, म्हणून आधी मार्ग ठरवावा व मग इंजिन निवडावे.

फोर-व्हील ड्राइव्ह आणि लो गिअर मातीवर लावून पाहावेत. मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची पेटी, नसलेल्या गाड्यांत कोरड्या डांबरावर ही परीक्षा घेतली तर यंत्रणेवर ताण येतो. डिफरन्शियलचे ऑइल दुधाळ निघाले तर पाणी शिरले आहे. टायरची नक्षी जाड असली तरी त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

घरात शिरायचे ते यानंतर. छताचे सांधे, खिडक्यांखालचा भाग आणि फरशी दाबून पाहावी; मऊ लागली तर पाणी मुरले आहे. बॅटरीजवळ फ्यूज नसेल तर सगळ्या वायरिंगवरचा विश्वास कमी करावा.

कागदपत्रांत गाडीची नोंद कॅम्पर म्हणून झाली आहे का ते पाहावे. कार्ने द पासाज, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचा सीमाशुल्काचा कागद, मागणाऱ्या देशांत जायचे असेल तर चॅसिस क्रमांक अक्षरशः जुळावा लागतो. तो शोधण्यासाठी पुन्हा एकदा खाली वाकावे, तारेच्या ब्रशने जागा साफ करावी आणि आकडे मोठ्याने वाचून कागदाशी ताडून पाहावेत. गंजाने एखादा आकडा खाल्ला असेल तर विकणाऱ्याने नोंदणी कार्यालयातून तो अधिकृतपणे दुरुस्त करून घेईपर्यंत इसाराची रक्कमही देऊ नये.