टिटिकाकावरच्या उरोंकडे राहायला जाताना

पेरूतल्या पुनो शहराच्या धक्क्यावरून लाँचने साधारण अर्ध्या तासात टिटिकाका सरोवरातली उरो लोकांची तरंगती बेटं येतात. बहुतेक जण तासाभरात फोटो काढून परततात. जमलं तर तिथल्याच एखाद्या कुटुंबाकडे एक रात्र राहा. सहलीच्या लाँच गेल्या की घाई संपते, आणि मग यजमानांशी निवांत बोलता येतं.

पण आधी उंचीचा विचार करा. सरोवर ३,८१२ मीटरवर आहे. लिमाहून विमानाने थेट पुनोजवळच्या हुलियाका विमानतळावर उतरलात तर बहुधा डोकं ठणकणार, मळमळणार, झोप लागणार नाही. त्यापेक्षा आरेकिपा शहरात (सुमारे २,३०० मीटर) दोन रात्री थांबा आणि पुनोत पहिला दिवस आराम करा. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल गेला, तर बेटावर जायचं नाही. लगेच डॉक्टर गाठा आणि खाली उतरा.

पैसे सोलमध्ये (पेरूचं चलन), तेही सुटे ठेवा. लाँचचं भाडं, बेटाचं प्रवेशशुल्क आणि तोतोरा नावाच्या लव्हाळ्याच्या बोटीतली फेरी यांचे पैसे बहुधा वेगवेगळे असतात. फेरी भाड्यातच धरली आहे असं समजून लोक बोटीत बसतात आणि नंतर वाद होतो. म्हणून बसण्याआधीच विचारा. भरतकाम घ्यायचं तर ते जिने केलं तिच्याकडूनच घ्या, फार घासाघीस न करता.

बेटावर पाय ठेवलात की जमीन किंचित दबते. खाली तोतोराच्या मुळांचे जाड, तरंगणारे ठोकळे असतात. त्यांना म्हणतात खिली. ते खुंट्या ठोकून दोरांनी एकमेकांना बांधतात. वर कापलेल्या तोतोराचे थर एकावर एक आडवे-उभे पसरतात आणि बेट वाहून जाऊ नये म्हणून तळाशी नांगरून ठेवतात. खालचे थर कुजत राहतात, त्यामुळे वर सतत नवे घालावे लागतात. पावसाळ्यात तर जास्तच लवकर. घरच्यांची निम्मी मेहनत यातच जाते. कडेला थर विरळ असतो, तिथे पाय आत जातो. टाचांचे बूट नकोत. सिगारेट तर अजिबात नको, पायाखालचं सगळं वाळलेलं गवत आहे. ते स्वतः चूलसुद्धा दगडावर ठेवून पेटवतात.

उरोंची मूळ भाषा आता बोलली जात नाही. ते आयमारा आणि स्पॅनिश बोलतात. आयमारात ‘कामिसाराकी’ म्हणजे कसे आहात. त्यावर ‘वालिकी’ म्हणायचं. फोटो विचारूनच काढा, मुलांचा असेल तर आईला विचारा.

जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो आणि दिवसा ऊन भाजून काढतं. लोकरी टोपी आणि सनस्क्रीन दोन्ही लागतात. कचरा पिशवीत भरून पुनोला परत आणा.

कुणी तोतोराचा पांढरा बुंधा सोलून खायला दिला, तर तो चुल्लो. पण पुनोच्या उपसागरात शहराचं सांडपाणी येतं. पोट नाजूक असेल तर हात जोडून नको म्हणा.