‘मेल’ नाकारणारी नोंद : माझा अनुभव

अंधेरीतील आमच्या कार्यालयात ओपनएलडॅप या सॉफ्टवेअरवरील निर्देशिकेत (माणसांची माहिती ठेवणाऱ्या सर्व्हरवरील यादीत) कर्मचाऱ्यांचे ईमेल पत्ते भरताना प्रत्येक वेळी त्रुटी क्रमांक ६५, म्हणजे ‘ऑब्जेक्ट क्लास व्हायोलेशन’ (नोंदीच्या वर्गाच्या नियमाचा भंग), येत होती. दोन दिवस मी परवानग्याच तपासत राहिलो. दोष मात्र नोंदींच्या घडणीत होता.

एलडॅप, म्हणजे अशा निर्देशिकांशी बोलण्याची प्रमाणित पद्धत, तिच्यातील प्रत्येक नोंदीला ‘डीएन’ हे एकमेव नाव असते आणि तिच्यात कोणते गुणधर्म अनिवार्य व कोणते ऐच्छिक, हे तिचे ऑब्जेक्टक्लास, म्हणजे तिचे वर्ग, ठरवतात. आमच्या नोंदी केवळ ‘पर्सन’ या वर्गाच्या होत्या, ज्यात ‘सीएन’ (नाव) आणि ‘एसएन’ (आडनाव) अनिवार्य आहेत, दूरध्वनी क्रमांक चालतो, पण ‘मेल’ला जागाच नाही, ती त्याच्याच वंशातील ‘आयनेटऑर्गपर्सन’ या वर्गात मिळते.

अस्तित्वात असलेल्या नोंदीचा रचनात्मक वर्ग, म्हणजे तिचा मूळ प्रकार ठरवणारा वर्ग, थेट बदलू पाहिला, तर सर्व्हरने त्रुटी ६९ देऊन तेही नाकारले, आणि माझ्या मते ही कडक शिस्त योग्यच आहे. म्हणून प्रशासकाच्या खात्याने सर्व नोंदी एलडीआयएफ फाइलमध्ये (नोंदी मजकुराच्या रूपात लिहिलेल्या फाइलमध्ये) उतरवल्या, वर्ग बदलला, जुन्या नोंदी काढल्या आणि नव्या भरल्या. देवनागरी नावे त्या फाइलमध्ये दोन अपूर्णविरामांनंतर बेस६४ रूपात, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरे-अंक-चिन्हांत रूपांतरित होऊन, दिसतात. ती बिघडलेली समजून कृपया कोणी पुसू नयेत.