न्यूजलेटर सुरू करा, आणि चालूही ठेवा

ईमेल न्यूजलेटरचे पहिले तीन-चार अंक हौसेने निघतात, मग गाडी अडते. मला विचाराल तर वेळेची कमतरता हे त्याचं मुख्य कारण नाही. विषय फार ऐसपैस घेतलेला असतो. म्हणून सुरुवात विषय आवळण्यापासून करा.

‘ठाणे’ हा विषय घेऊ नका, ‘ठाण्याची खाडी’ घ्या. तिथे ऋतूच पुढचा अंक सुचवतात. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, पावसाळ्यात खारफुटी तरारते. ऐरोलीचं किनारी जैवविविधता केंद्र बघायला जाता येतं, कोळीवाड्यातल्या माणसांशी बोलता येतं. इथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. त्याचा अर्थ काय, यावर एक अख्खा अंक होईल. जुने संदर्भ हवेत तर १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यातच आहे. तुमचा विषय पाककृतींचा असो वा लोकलप्रवासाचा, आधी दहा अंकांची शीर्षकं कागदावर लिहून काढा. पाचव्या-सहाव्यालाच अडलात, तर विषय बदला.

साधन निवडण्यात आठवडे घालवू नका. सबस्टॅक या न्यूजलेटर पाठवण्याच्या संकेतस्थळावर मोफत सुरुवात होते. सशुल्क वर्गणी ठेवलीत, तरच त्यातले १० टक्के ते घेतात. साध्या जीमेलवरून सगळ्यांना बीसीसी करणं (एकमेकांचे पत्ते न दिसता एकच ईमेल पाठवणं) टाळा. तिथे दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे, शिवाय वाचकाला एका क्लिकवर नाव काढून घेण्याची सोय नाही.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतातच टाइप करा. डीटीपीच्या जुन्या फाँटमधला मजकूर वाचकाच्या फोनवर निरर्थक चिन्हांसारखा उमटतो. आणखी एक गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी: साधारण १०२ केबीच्या पुढचा ईमेल जीमेल मध्येच कापतं, आणि युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो तिथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. म्हणजे मराठी अंक ही मर्यादा लवकर गाठतो. लेख लांबला, तर दोन अंकांत विभागा. आधी स्वतःलाच पाठवून फोनवर वाचून बघा.

सोसायटीच्या ग्रुपमधले पत्ते परस्पर यादीत घालू नका. ज्यांना खरंच रस असेल अशा वीसेक जणांना वेगवेगळा मेसेज करा, लिंक द्या, नाव त्यांचं त्यांना नोंदवू द्या. विचारून जोडलेला वाचक टिकतो.

आता खरी कसोटी, सातत्याची. दर आठवड्याचा वायदा करू नका; महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, एवढं पुरे. पहिला अंक पाठवण्याआधी पुढचे दोन तयार हवेत. परीक्षा, लग्नसराई, आजारपण यांत तेच उपयोगी पडतात. सुचेल ते लोकलमध्ये फोनवर टिपून ठेवा. ‘या महिन्यात काठावर काय दिसलं’ असं एक छोटं सदर कायम ठेवलंत, की कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही.

किती जणांनी अंक उघडला, हा आकडा फसवा असतो. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये असलेली गोपनीयतेची सोय चालू केली, की वाचकाने अंक न उघडताही तो उघडल्याची नोंद होते. आलेली उत्तरं मोजा. त्यासाठी अंकाच्या शेवटी नेमका प्रश्न विचारा: ‘तुमच्या लहानपणी खाडीवर कोणती मासळी मिळायची?’ अशा प्रश्नावर लोक मनापासून लिहितात, आणि कधी कधी त्यातूनच पुढचा अंक उभा राहतो. उत्तर छापायचं असेल, तर आधी त्यांची परवानगी घ्या.

थांबावंसं वाटलं, तर गुपचूप गायब होऊ नका. दोन ओळींत सुट्टी कळवा आणि परतीची तारीख द्या.